एक पाकीट, अनेक घरे



किनवट तालुक्यातली एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. नांदेडपासून लांब, डोंगराकडेची. शाळेत संगणकाची खोली आहे, खोलीत तीस संगणक आहेत आणि शाळेपर्यंत इंटरनेटची एक बेताचीच जोडणी आलेली आहे. गुरुजींनी रक्ताभिसरणावरचा एक चांगला चित्रपाठ हेरून ठेवला आहे. तास सुरू होतो, गुरुजी म्हणतात, “लावा रे सगळ्यांनी,” आणि तीस मुले एकदम कळ दाबतात. पुढे काय होते ते ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पडद्याच्या मधोमध एक चक्र फिरू लागते आणि फिरतच राहते. हृदयाचा पहिला ठोका पडायच्या आत तास संपल्याची घंटा होते.

मुले म्हणतात, नेट गेले. पण ते गेलेले नसते. जरा हिशेब करू. तारेतून माहिती किती वेगाने वाहते ते मेगाबिटमध्ये मोजतात. बऱ्यापैकी स्वच्छ दिसणारा पाठ सेकंदाला २ मेगाबिट घेतो असे धरा आणि शाळेची जोडणी सेकंदाला २० मेगाबिटची धरा. एकच मूल पाहत असेल तर काम ऐसपैस चालते. दहा मुले बसली की तार काठोकाठ भरली. तीस मुलांना लागतात ६०, आणि तार तर २० चीच! मग कोणालाच धड काही मिळत नाही.

यातली मेख ध्यानात घ्या. तीसही मुलांना पाठ हवा होता तो एकच, आणि हवा होता त्याच घटकेला. तरीसुद्धा तो त्याच तारेतून तीस वेळा मागवला गेला. एकाच गावाच्या यात्रेला निघालेल्या तीस माणसांनी तीस जीपगाड्या कराव्यात आणि मग रस्ता अडला म्हणून ओरडावे, तसे हे झाले.

आता आपल्या रेडिओकडे पाहा. केंद्रावरून भाषण निघते ते एकदाच. गावात एक संच चालू असो की शंभर, प्रक्षेपकावर त्याचे ओझे पडत नाही. मग तारांनी जोडलेल्या संगणकांना असे काही साधता येत नाही काय? येते. त्या रीतीला मल्टिकास्ट म्हणतात, आणि तिचे सारे मर्म पाकिटावर लिहायच्या पत्त्यात आहे. तो पत्ता कसा असतो आणि त्या पत्त्यावर पाठवलेले पाकीट घरोघर पोहोचते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

गावात निरोप देण्याच्या तीन रीती आपल्याला ठाऊक आहेत. पहिली पोस्टमनची. पाकिटावर एक नाव, एक घर. दुसऱ्याच्या हाती ते द्यायचे नाही. दुसरी दवंडीची. हलगी वाजली की ज्याला काम आहे त्यालाही ऐकावे लागते आणि ज्याला नाही त्यालाही. तापाने फणफणलेला, नुकताच डोळा लागलेला माणूससुद्धा दचकून उठतो. तिसरी रीत भजनी मंडळाची. “मंडळाने रात्री नऊला देवळात जमावे” असा निरोप निघतो. तो साऱ्या गावासाठी नसतो, एका माणसासाठीही नसतो. जे मंडळात आहेत त्यांच्यासाठी असतो. मंडळात आज कोण आहे, काल कोण सोडून गेला, परवा कोण नवा आला, याची यादी निरोप धाडणाऱ्याजवळ असायलाच पाहिजे असे नाही. त्याने म्हटले “मंडळाला”, आणि निरोप मंडळाला गेला.

संगणकांच्या जाळ्यातही याच तीन रीती आहेत. आपण इंटरनेटवर जे काही पाहतो त्यातले बहुतेक सारे पोस्टमनच्या रीतीने येते. दवंडीची रीतही आहे, पण ती एका खोलीपुरती, एका इमारतीपुरती. जगभर दवंडी पिटायला लागलो तर जाळे एका क्षणात कोलमडेल. तिसरी रीत ती मल्टिकास्ट.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. गावोगाव वीसेक माणसांचे श्रोतृमंडळ बनवले. आठवड्यातून दोनदा त्यांच्यासाठी मुद्दाम कार्यक्रम व्हायचा. मंडळी एकत्र बसून तो ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायची. त्या प्रयोगाची पाहणी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे केली. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. त्यामुळे त्या दीडशे गावांत नांदेड-लातूरकडचे गाव नव्हते. असो. मुद्दा असा की प्रक्षेपण एकच होते, पण ते कोणाकोणाचे, हे ज्या गावांनी मंडळ केले त्यांनी ठरवले. लाट आकाशातून जाते म्हणून ती सगळीकडेच पसरते, तिला वाट निवडावी लागत नाही. तारेवरच्या पाकिटाला मात्र प्रत्येक नाक्यावर वाट निवडावी लागते, आणि तिथे खरी कसोटी आहे.

आधी पत्ता पाहू. संगणकाचा नेहमीचा पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबे. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांतला. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हे एका यंत्राचे घर. या पत्त्यांच्या साऱ्या पसाऱ्यातून एक पट्टा वेगळा काढून ठेवला आहे. पहिला आकडा २२४ पासून २३९ पर्यंत असला की तो घराचा पत्ता नव्हे, मंडळाचा पत्ता आहे असे समजायचे. संगणक आकडे आपल्यासारखे दहाच्या हिशेबाने वाचत नाही, एक आणि शून्य यांच्या ओळीने वाचतो. सारा पत्ता अशा ३२ चिन्हांचा असतो. त्यातली पहिली चार चिन्हे एक, एक, एक, शून्य अशी दिसली की यंत्र समजते, हे मंडळाचे पाकीट. उरली २८ चिन्हे. त्यांतून २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ निरनिराळी मंडळे होतात. गणिताच्या गुरुजींनी दोनाचा २८ वा घात मुलांकडून काढून घ्यावा, हेच उत्तर येईल.

या पत्त्यावर कोणी राहत नाही, हे विसरू नका. २३९.१.१.७ नावाचे घर शोधत गेलात तर जगात कुठेच सापडणार नाही. म्हणूनच पाकिटावर “पाठवणारा” असे जिथे लिहितात तिथे हा पत्ता कधीच येत नाही. पाठवणारा नेहमी कोणी एक असतो. मंडळाला पत्र येते, पण मंडळ स्वतः हाताने पत्र लिहीत नाही.

पत्त्यांतही जाती आहेत. २२४.०.०.१ म्हणजे “या गल्लीतले सगळे”. २२४.०.०.२ म्हणजे या गल्लीला लागलेले सारे राउटर. राउटर म्हणजे नाक्यावर बसून पाकिटांना वाट दाखवणारे यंत्र. २२४.०.०. ने सुरू होणारी पाकिटे गल्लीच्या बाहेर जाऊच शकत नाहीत, राउटर ती पुढे सोडत नाही. २३९ ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या, शाळेच्या, कचेरीच्या घरगुती वापराचे. ते आपल्या शिवेच्या आत राहावेत अशी योजना आहे. त्यामुळे लातूरच्या एका महाविद्यालयाने आणि नांदेडच्या दुसऱ्या महाविद्यालयाने एकच २३९ चा पत्ता वापरला तरी भांडण होत नाही. दोन गावांत दोन मारुतीची देवळे असावीत तसेच ते.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर हे कधी पाहिले नाही. पाहिले आहे, ओळखले नाही इतकेच. संगणक छापायचे यंत्र आपोआप शोधून काढतो की नाही? तेव्हा पुष्कळदा तो २२४.०.०.२५१ या पत्त्यावर हाक मारतो, “इथे कोणी प्रिंटर आहे काय?” ज्या यंत्रांनी तो पत्ता कानाशी धरलेला असतो तीच ऐकतात, आणि प्रिंटर “मी आहे” म्हणून उत्तर देतो.

पत्ता समजला. आता नाव नोंदवायचे कसे? हा भाग मला या साऱ्या रचनेत सर्वांत गोड वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

शाळेच्या दारातला राउटर दर काही वेळाने खोलीत हाक घालतो, “कोणाला कोणत्या मंडळाचे काही हवे आहे काय?” नेमलेला अवकाश १२५ सेकंदांचा, म्हणजे दोन मिनिटांहून थोडा अधिक. उत्तराला दहा सेकंदांची मुदत. समजा तीसही संगणकांना २३९.१.१.७ चा पाठ हवा आहे. तीसही एकदम ओरडले तर गलका होईल. म्हणून प्रत्येक संगणक मनाशी एक चिठ्ठी काढतो: मी तीन सेकंदांनी बोलेन, मी सातव्या सेकंदाला, मी साडेआठव्या. ज्याची चिठ्ठी आधीची तो बोलतो, “मला २३९.१.१.७ हवे.” हे उत्तर तो त्याच मंडळाच्या पत्त्यावर टाकतो, त्यामुळे बाकीच्या एकोणतिसांनाही ऐकू जाते. ते म्हणतात, आपल्या वतीने कोणी तरी बोललेच आहे, आता आपण गप्प राहावे. आणि ते गप्प राहतात!

यात राउटरचे काय बिघडले? काही नाही. त्याला तीस नावे नकोच होती. त्याला एवढेच कळायला हवे होते की या खोलीत त्या मंडळाचा निदान एक तरी श्रोता आहे. एक असला तरी पाकीट खोलीत सोडायचे, तीस असले तरी तेच एक पाकीट सोडायचे. हजेरीपट नाही, नावनिशी नाही. शिक्षकाने वर्गात विचारावे, “फळ्यावरचे कोणाला उतरवून घ्यायचे आहे?” एक हात वर झाला की फळा पुसायचा नाही. किती हात वर झाले ते मोजत बसायचे कारण नाही.

सोडून जाणेही असेच साधे. संगणक म्हणतो, “मी चाललो.” राउटर लगेच तारेवरचे पाणी तोडत नाही, विचारतो, “आणखी कोणी उरले आहे काय?” कोणीच हूं म्हटले नाही तर एक-दोन सेकंदांत त्या खोलीचा पुरवठा बंद. आणि एखादा संगणक वीज गेल्यामुळे न सांगताच गेला तर? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. तेव्हा राउटर दोन हाका पुऱ्या वाट पाहतो. २६० सेकंद कोणाचेही उत्तर आले नाही की तो समजतो, घर रिकामे झाले.

ही रीत प्रथम ठाकठीक लिहून काढली ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. स्टीव्ह डीअरिंग नावाचा विद्यार्थी आणि त्याचे अध्यापक डेव्हिड चेरिटन यांनी १९८५ साली यजमान-मंडळांची कल्पना मांडली आणि १९८९ साली डीअरिंगने तिचे नियम प्रसिद्ध केले. वर सांगितलेली गप्प राहण्याची युक्ती त्या वेळेपासूनची. सोडून जाण्याचा निरोप १९९७ च्या सुधारणेतला. २००२ च्या नियमांत मात्र प्रत्येकाने आपापले उत्तर द्यावे असे ठरले, कारण तेव्हा श्रोत्याला आणखी एक अधिकार मिळाला: “मला हे मंडळ हवे, पण अमक्याच पाठवणाऱ्याकडून हवे” असे सांगण्याचा. मंडळाच्या पत्त्यावर कोणीही पाकीट टाकू शकतो ना! उद्या एखाद्या टवाळाने भजनी मंडळाच्या नावाने भलतेच निरोप धाडले तर? म्हणून ही सोय.

आता वाट. समजा लातूरच्या एका केंद्रातून पाठ निघाला आहे आणि ऐकणारे अहमदपूर, कंधार आणि नांदेड इथे आहेत. तारा नेमक्या कोठून गेल्या आहेत ते बाजूला ठेवा; समजण्यापुरता आपला लातूर-नांदेड रस्ताच धरू. पोस्टमनच्या रीतीने लातूरहून तीन पाकिटे निघतील आणि तिन्ही अहमदपूरपर्यंत एकाच वाटेने धावतील. मल्टिकास्टच्या रीतीने निघते एकच. अहमदपूरच्या नाक्यावर त्याची एक प्रत गावात उतरते, एक पुढे जाते. लोह्याला फाटा आला की तिथला राउटर दोन प्रती करतो. एक कंधारकडे, एक नांदेडकडे. जिथे वाट फुटते तिथेच प्रत होते, त्याच्या आधी नाही. चाकूरला कोणी श्रोता नसेल तर चाकूरच्या गावात पाकीट वळतच नाही, सरळ पुढे जाते.

कालव्याची आठवण होते, आणि ती होऊ द्यावी. फक्त एक फरक विसरू नये. पूर्णेच्या कालव्याला चारी फुटली की पाणी वाटले जाते, शेवटच्या शेतापर्यंत जाताना ते कमी होते. शेपटाकडच्या शेतकऱ्याचे दुःख आपल्याला माहीत आहे. पाकिटाची प्रत होते, वाटणी होत नाही. कंधारला गेलेला पाठ नांदेडच्या पाठाहून रतिभरही उणा नसतो. पाण्याचे असे झाले असते तर २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणायची वेळ आली नसती!

पण राउटरला कसे कळते की कोणत्या फाट्यावर श्रोते आहेत? खोलीतले संगणक आपल्या राउटरला सांगतात, हे आपण पाहिले. तो राउटर आपल्या वरच्या राउटरला सांगतो, “माझ्या बाजूला गिऱ्हाईक आहे.” तो त्याच्या वरच्याला. निरोप असा उलट चढत जातो, आणि तो ज्या वाटेने चढला त्याच वाटेने पाठ खाली उतरतो. झाड शेंड्याकडून बुडाकडे वाढावे, तसे हे उफराटे झाड आहे. जुनी एक पद्धत याच्या उलट होती: आधी सगळीकडे पाकीट सोडून द्यायचे आणि ज्याला नको त्याने “आमच्याकडे नको” म्हणायचे. थोड्या घरांत ती चालते. पसारा वाढला की नकारच इतके येतात की तार त्यांनीच भरते.

आणखी एक धोका आहे. तारांचे जाळे गोल गोल जोडलेले असते. एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हणून. अशा जाळ्यात प्रती करत सुटलेले पाकीट फिरून मूळ नाक्यावर आले तर त्याच्या पुन्हा प्रती होतील, त्यांच्या पुन्हा, आणि जाळे गुदमरेल. यावरचा उपाय इतका साधा आहे की ऐकून हसू येते. राउटर पाकिटाला विचारतो, “तू आलास कोठून? तुझ्या धन्याच्या घरी मला जायचे असते तर मी ज्या वाटेने गेलो असतो, त्याच वाटेने आलास काय?” होय तर पुढे. नाही तर टाकून दिले. आडवाटेने आलेले पाकीट लोह्याचा राउटर दारातही घेत नाही.

शेवटच्या गल्लीत, म्हणजे शाळेच्या खोलीत, एक बारीकशी अडचण उरते. खोलीतल्या तारेवर यंत्रे एकमेकांना वेगळ्याच, यंत्रावरच कोरलेल्या पत्त्याने ओळखतात. मंडळाचा पत्ता या दुसऱ्या पत्त्यात बसवावा लागतो. त्यासाठी ०१-००-५ई असा ठरावीक आरंभ ठेवून पुढे मंडळाच्या पत्त्याची शेवटची २३ चिन्हे जोडतात. मंडळाजवळ तर २८ होती. पाच चिन्हे गळाली, म्हणून बत्तीस निरनिराळ्या मंडळांना खोलीत एकच पत्ता मिळतो. असे का केले? हकीकत अशी सांगतात की या पत्त्यांचे गठ्ठे तेव्हा हजार डॉलरला एक असे विकत मिळत, डीअरिंगला सोळा हवे होते, आणि त्या काळी नेटच्या आकड्यांचा कारभार पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एकच विकत घेऊन त्यातला निम्मा त्याला दिला! बत्तीस मंडळांच्या या घोटाळ्याने फारसे बिघडत नाही. चुकून दारात आलेले पाकीट संगणक उघडतो, आतला पूर्ण पत्ता वाचतो आणि आपले नसेल तर बाजूला टाकतो.

इतकी सोयीची रीत आहे तर किनवटच्या आपल्या शाळेत पडद्यावर चक्र का फिरते? हा प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले पाहिजे. १९९२ च्या मार्चमध्ये सॅन दिएगो इथे भरलेल्या तज्ज्ञांच्या एका सभेतली भाषणे या रीतीने तीन खंडांतल्या वीस ठिकाणी ऐकवली गेली. तेव्हा वाटले होते की जग आता असेच ऐकू-पाहू लागेल. तसे झाले नाही. एक कारण असे की इंटरनेट कोणा एकाच्या मालकीचे नाही. अनेक कंपन्यांचे नाके ओलांडून पाकीट जाते, आणि माझ्या नाक्यावर होणाऱ्या प्रतींची मेहनत मी कोणाच्या खात्यावर लावू, हे ठरेना. दुसरे कारण आपल्या स्वभावात आहे. मल्टिकास्ट रेडिओसारखे आहे: जे चालू आहे ते आत्ता ऐका. आणि आपल्याला हवे असते आपल्या सवडीने. एकाला सकाळी, एकाला रात्री, एकाला मध्येच थांबवून चहा प्यायचा असतो. म्हणून यूट्यूबसारख्यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी ठिकठिकाणी साठ्याची कोठारे बांधली आणि प्रत्येकाला जवळच्या कोठारातून वेगळी प्रत द्यायला सुरुवात केली. त्यात कंपनीचे भागले. पण कोठारापासून शाळेपर्यंतची शेवटची तार तेवढीच राहिली, आणि तिच्यावरून तीस प्रती येणे काही टळले नाही.

तिसरी उणीव रीतीतलीच आहे. पोस्टमनच्या रीतीत पोच मिळते. पाकीट हरवले तर पुन्हा धाडता येते. मंडळाला धाडलेल्या पाकिटाची पोच नाही. दहा हजार जणांनी पोच द्यायची ठरवली तर पाठवणारा पोचांखालीच दबेल. एखादे पाकीट गळाले तर चित्र क्षणभर फाटते आणि पुढे चालू लागते, रेडिओत खरखर व्हावी तसे.

तरी शाळेला यातून काही मिळण्यासारखे आहे. बाहेरच्या तारेवर आपला हक्क नसला तरी खोलीतल्या तारांवर आहे. पाठ आदल्या दिवशी एकदाच गुरुजींच्या संगणकावर उतरवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्या संगणकावरून खोलीतल्या तिसांना २३९ च्या एखाद्या पत्त्यावर सोडावा. असे करणाऱ्या आज्ञावली मिळतात, काही फुकटही मिळतात. तीस संगणकांवर एकदम नवी प्रणाली चढवायची असली तरी हीच युक्ती कामी येते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. खोलीतला स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी, मंडळांची नावे ऐकून घेणारी असावी. नाही तर ती प्रत्येक पाकीट प्रत्येक तारेवर ओतते आणि मल्टिकास्टची दवंडी होते. आणि हे काम तारेवर करावे, बिनतारी वायफायवर नव्हे. वायफायवर मंडळाची पाकिटे मुद्दाम हळू धाडली जातात, सर्वांत दूरच्या यंत्रालाही ऐकू जावे म्हणून, आणि त्यांची पोचही घेतली जात नाही. त्यामुळे तिथे चित्र अडखळते.

दवंडी म्हणजे मागासलेली रीत, असा मात्र समज करून घेऊ नका. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात रात्रीतून एवढा पाऊस झाला की हसनाळ, रावणगाव या भागांत पाणी शिरले, माणसे अडकून पडली आणि लष्कराला बोलवावे लागले. किल्लारीच्या भूकंपासारख्या संकटाची आगाऊ वर्दी देता येत नाही; पुराची आणि विजेची पुष्कळदा देता येते. पण अशा रात्री “ज्यांनी नाव नोंदवले आहे त्यांनाच सांगा” हा नियम काय कामाचा? झोपलेल्यालाही उठवले पाहिजे. २०२३ साली तुमच्या खिशातला फोन एकदा अचानक मोठ्याने कर्कश वाजला असेल, आणि पडद्यावर “ही चाचणी आहे” असा मजकूर आला असेल. ती मनोऱ्यांवरून पिटलेली दवंडी होती. त्या निरोपावर कोणाचाही नंबर नव्हता. अमुक मनोऱ्याच्या छायेत जे जे फोन आहेत त्या सर्वांना, असा त्याचा पत्ता. मनोरा तो एकदाच उच्चारतो, मग छायेत दहा फोन असोत की दहा हजार, आणि म्हणून फोनवर बोलणाऱ्यांची गर्दी झाली तरी तो निरोप अडत नाही. मल्टिकास्टमध्ये मंडळ आवडीने बनते, इथे ते जागेने बनते. नदीकाठच्या गावांना दुसरे अधिक उपयोगी आहे. एकेक नंबर घेऊन हजारो निरोप पोस्टमनच्या रीतीने धाडणे हे अशा रात्री सर्वांत कुचकामी.

शिक्षकांसाठी वर्गात करून पाहण्याजोगा एक खेळ सांगतो. संगणक नसला तरी चालेल. फळ्याजवळ एक मूल उभे करा, तो लातूर. त्याच्यापुढे रांगेत तीन मुले: अहमदपूर, लोहा, नांदेड. लोह्याच्या बाजूला एक, कंधार. हे झाले राउटर. प्रत्येकाच्या मागे चार-पाच मुले बसवा, ती घरे. आता लातूरला एक वाक्य लिहिलेली चिठ्ठी द्या आणि आधी पोस्टमनच्या रीतीने खेळा: जितकी घरे तितक्या चिठ्ठ्या लातूरने लिहायच्या, नाव घालून. लातूरचा हात दुखून येईल. मग मंडळाच्या रीतीने खेळा. घरांतल्या कोणीही हात वर करायचा, पण आपल्या गल्लीतला एक हात वर झाला की बाकीच्यांनी खाली ठेवायचे. राउटरने फक्त वरच्याला सांगायचे, “आहे.” लातूरने एकच चिठ्ठी लिहायची, फाट्यावरच्या मुलाने प्रत करायची, गल्लीत चिठ्ठी मोठ्याने वाचायची. दोन्ही वेळा चिठ्ठ्या मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. मग एका मुलाला गुपचूप सांगा की नांदेडची चिठ्ठी फिरवून पुन्हा लोह्याच्या हाती दे, आणि लोहा काय करतो ते पाहा. बहुतेक वर्गांत तो तिच्याही प्रती करू लागेल. मग बाकीचे ओरडतील, “अरे, ही तर नांदेडकडून आली!” तेवढ्यात खेळ थांबवा आणि त्यांनाच विचारा, लोह्याने ती का घ्यायची नाही?